वरोऱ्याहून पाठवलेलं कुत्रं

मौजा चिचटोला
ता. २ डिसेंबर १९५६, रविवार

मायले न्यायले येतो म्हणून सांगतलं अन् कुत्रं पाठवलं. गुणवंतराव भाऊजी, असली थट्टा वरोऱ्याच्या कोणत्या दुकानात मिळते ते एकदा मले कळवा. धान कापून झालं का बैलबंडी वडशाले पाठवा, मी टेसनावर उतरतो, मायले दोन महिने आमच्याकडे नेतो, असं तुमच्या हातचं कार्ड आहे. ते मी डब्यात ठेवलं आहे, हरवलं म्हणाल तं दाखवीन.

आपला गडी नथ्थू बंडी घेऊन दिवसभर वडशाले उभा राह्यला. छोट्या लाइनीच्या रेलगाडीतून तुमी काई उतरले नाई. उतरला तुमच्या जिनिंगचा एक माणूस. त्याच्या हाती टोपली, टोपलीत कुत्र्याचं पिल्लू, अन् निरोप काय, तं रावसाहेबाले सुट्टी भेटली नाई, मायले करमाले हे ठेवा.

माय इथी धुतलेलं लुगडं नेसून, गाठोडं बांधून ओसरीत बसली होती. बंडी वाजली तशी खांब धरून उभी राह्यली. नथ्थूनं टोपली तिच्या पुढ्यात ठेवली अन् तोंड फिरवून बैलं सोडाले गेला, त्याच्याच्यानं बोलवलं नाई. मीच सांगतलं, तुमचा गुणवंता येत नाई, हे आलं. मायनं पिल्लू मांडीवर घेतलं, तं त्यानं त्याच घटकेले तिच्या धुतलेल्या लुगड्यावर मुतलं. अन् माय हसली. तुमचे भाऊ गेल्यापासून दोन वर्सांत मी तिले हसताना पाह्यलं नव्हतं. म्हणून तवा मी काई बोलली नाई, अन् तिथीच माझं चुकलं.

आता ऐका. ते देव्हाऱ्यापुढे मुतते. चुलीपाशी मुतते. धानाच्या कोठीखाली हागते. सगळ्यात वाईट म्हणजे मायच्या गादीवर. तुमीच मांगल्या वर्सी पाठवलेल्या कापसाची ती गादी. तुमचा माणूस नथ्थूले सांगत होता म्हणे का हे जिनिंगच्या कापसाच्या ढिगात जन्मलं, तिथीच वाढलं. मंग त्याले मऊ लागलं का तेच आपलं घर वाटते. सकाळी पाह्यलं का गादी ओली. मी रोज कुंपणावर वाळू घालते, अन् जाणारा-येणारा इचारते, काऊन बाई, घरात लेकरू झालं का. माझ्या पोटी काई नाई हे साऱ्या गावाले माहीत असून इचारतात.

घर माझं, धान माझं, अन् मायले पण मीच पाहते. तुमच्या भावाच्या तेराव्याले तुमी चार लोकांत म्हटलं होतं का शेत वयनी खाते तं मायले पण वयनीनंच पाहावं. बरं, पाहून राह्यली. पण तुमचं कुत्रं पाहाचं त्यात नव्हतं. घेऊन जा म्हणावं तं माय म्हणते, कुत्रं गेलं तं मी पण निघते. निघून कुठी जाईल ते सांगा. वरोऱ्याचं दार तं तुमी लावून घेतलं आहे.

माणूस पाठवा अन् हे जनावर न्या. मायले मी समजावते.

सोनीबाई

मौजा चिचटोला
ता. १८ डिसेंबर १९५६, मंगळवार

कार्ड भेटलं. साडेतीन ओळी. कुत्र्याले वेळेवर बाहेर नेत जा, शिकते, मायले नमस्कार. एवढंच लिहाचं होतं तं जिनिंगात लागाच्या आधी मास्तराचं शिक्षण काऊन घेतलं? माझ्यासारखी दुसरी शिकून बसले असते तरी चाललं असतं. आपला चांदा जिल्हा नागपुरातून निघून मुंबई राज्यात गेला म्हणतात, एवढा मोठा जिल्हा हालला, पण तुमी वरोऱ्याहून हालत नाई.

बाहेर नेत जा म्हणता. नेलं नाई असं वाटते काय तुमाले? मी अंगणात उभी राहते, ते माझ्या तोंडाकडे पाहते. घरात आणलं का देव्हाऱ्यापुढे जाऊन बसते. मी फड्यानं बदडलं. नाक धरून त्यात घासलं. तुमच्या भावाचा हात धरून चालली तेवढ्या वर्सांत मी कोणाले एवढं मारलं नसेल. आता हालत अशी झाली का मी घर झाडाले फडा हाती घेतला का ते जागच्या जागी मुतते. ते मुतलं म्हणून मी मारते, अन् मी मारते म्हणून ते मुतते. माय त्याले पदराखाली झाकून बसते. शेजारचा देवाजी म्हणते, बाई, पोत्यात घाल अन् जंगलात सोडून ये, एका दिवसाचं काम. मायनं ते ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाई.

मंग मी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. तवापर्यंत शिकलं तं ठीक, नाई तं देवाजी अन् त्याचं पोतं. मायले पण तसंच सांगतलं. ती गादीची घडी घालत राह्यली.

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून हसू नका. टोल्यावरची सुकरी आपल्याकडे धान कांडाले येते, गोंडाची. तिच्या घरी चार कुत्रे, पण घरात एक थेंब नाई. मी पिल्लाच्या जागेवर सारवण करून राह्यली होती. तुमाले माहीत आहे आपलं घर कसं. कुठी विटाळ झाला का शेण घ्याचं, त्यात गोमूत्र घालाचं, अन् जागा सारवून घ्याची. पिल्लू मुतलं का मी सारवाची. दिवसातून सात-आठ वेळा. सुकरी मुसळ टेकवून पाहत होती. मंग एवढी हसली का खाली बसली.

म्हणाली, "बाई, तूच त्याले रोज जागा दाखवून राह्यली. गाईचं मूत टाकते, वरून शेण लावते. त्याले वाटते, इथी सारेच करतात."

मले राग आला. म्हटलं, आमचं घर आमी पवित्र करतो. ती म्हणाली, माणसाच्या नाकाले पवित्र होते, कुत्र्याच्या नाकाले नाई. बाई, तुमचा देव कुत्रं नाई ना.

मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाई. पण मंग पाह्यलं मी. नेमकं जिथी सारवलं, तिथीच ते जाते. कोरड्या भुईवर जातच नाई. एक महिना झाला भाऊजी, मी माझ्या हातानं त्याचं संडास सारवून देत होती.

उत्तर पाठवा. माणूस पाठवला तं उत्तर नाई पाठवलं तरी चालते.

सोनीबाई

मौजा चिचटोला
ता. ९ जानेवारी १९५७, बुधवार

तुमचं उत्तर नाई. नसू द्या. मी लिहिते, कारण कोणाले तरी सांगाले पाह्यजे का मी हे केलं.

सुकरीनं सांगतलं तसं केलं. घरात शेण-गोमूत्र बंद. जिथी जिथी ते गेलं होतं तिथी राखेच्या पाण्यानं घासलं, दोन दिवस वाळू दिलं अन् नुसत्या पांढऱ्या मातीनं लिपलं. गावातल्या बायांनी नावं ठेवली. देव्हाऱ्यापुढे सारवण नाई म्हणजे काय, म्हणे. ठेवू द्या नावं. मंग सुकरी म्हणाली, जिथी मुतते तिथीच त्याले जेवाले घाल, जनावर आपल्या ताटात घाण करत नाई. म्हणून मी देव्हाऱ्यापुढे कुत्र्याले भात घातला. तुमच्या भावानं पाह्यलं असतं तं मले माहेरी धाडलं असतं. आठ दिवस घातला. नवव्या दिवशी ते देव्हाऱ्यापुढे बसून माझ्या हाताकडे पाहू लागलं, पण मुतलं नाई.

बाहेरची जागा पण करून दिली. त्याच्या मुताची एक जुनी चिंधी मोहाच्या झाडाखाली टाकली. उठलं का उचलाचं अन् तिथी नेऊन ठेवाचं. खाल्लं का तिथी. खेळून दमलं का तिथी. अन् नुसतं उभं राहाचं, बोलाचं नाई, ओरडाचं नाई. तेच मले जमत नव्हतं, तुमाले माहीतच आहे. झालं का तिथल्या तिथी सुकटाचा तुकडा द्याचा. घरात झालं तं काई म्हणाचं नाई, पुसाचं. फडा मी त्याच्या डोळ्याआड ठेवते, अन् ते जेवाले बसलं का तवा झाडून घेते.

अठरा दिवस लागले. आता ते सकाळी दाराशी जाते, एकदा भुंकते, मोहाखाली जाते अन् येऊन माझ्या पायाशी बसते. माझ्या. मायच्या नाई. ज्या पायानं लाथा घातल्या त्या पायाशी. 

एकच राह्यलं. गादी. दिवसभर घरात थेंब नाई, अन् सकाळी मायची गादी ओली. माय त्याले कुशीत घेऊन निजते, सोडत नाई. मी म्हटलं, त्याले ओसरीत बांधा. माय म्हणाली, थंडीनं मरेल. मी म्हटलं, मंग गादी काढते, चटईवर निजा. ती म्हणाली, "असू दे व सोनी. लहान आहे. कापसात जन्मलं ते, त्याचा काय दोष." मी म्हटलं, तुमीच लाडानं बिघडवून राह्यल्या. ती म्हणाली, हो, माझंच चुकते.

जंगलखात्याचा नाकेदार लच्छू परवा रानातून येताना पाणी प्याले थांबला होता. त्याले हे कुत्रं फार भावलं. सरकारी क्वार्टरात नवी बायको आणली आहे, घर घाण न करणारं कुत्रं कुठी भेटत नाई म्हणते. मी म्हटलं, पाहू. संक्रांत सोमवारी आहे. मुदतीत शिकलं, म्हणजे देवाजीच्या पोत्यातून वाचलं. पण गादी रोज धुवून माझ्या हाताच्या भेगा उलल्या आहेत.

तुमी मायले एक ओळ लिहा. कुत्र्याचं इचारलं तरी चालेल.

सोनीबाई

मौजा चिचटोला
ता. २१ जानेवारी १९५७, सोमवार

कुत्रं लच्छू नाकेदाराले दिलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या वस्तूची वाट लावली म्हणू नका, चांगल्या घरी गेलं. लच्छूची बदली सिरोंच्याकडे झाली, म्हणून तो घाईत होता. त्याच्या बायकोनं कुत्र्याच्या गळ्यात लाल दोरी बांधली.

माय घरात नव्हती. सुकरीसंगं नदीवर गेली होती. मीच पाठवली होती. आल्यावर तिनं ओसरीत पाह्यलं, कोठ्यात पाह्यलं, मोहाखाली जाऊन आली. मंग इचारलं. मी सांगतलं. तिनं भांडण केलं नाई. मले वाटलं होतं करेल.

तेव्हापासून धड जेवत नाई. पाणी तं पीतच नाई. तांब्या भरून ठेवला तं सकाळी तसाच. रुसली असेल. म्हातारं माणूस लेकरासारखं असते, उतरेल राग चार दिवसांनी.

बाकी ठीक. धान वडशाच्या गिरणीत गेलं. वडशाले नाटकं लागली आहेत, नथ्थू रोज जाते. गादीचं इचारू नका.

सोनीबाई

मौजा चिचटोला
ता. ४ फेब्रुवारी १९५७, सोमवार

मांगच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ठीक काईच नव्हतं. आता खरं लिहिते, अन् हे पत्र आशेले दाखवू नका. तुमची बायको वाईट आहे असं मी म्हणत नाई, पण हे तिच्या तोंडून बाहेर गेलं तं माय जगत नाई.

कुत्रं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गादी ओली होती. मी गादी हाती धरून उभी होती. माय बाजेवर बसली होती, पाय खाली सोडून. मी तिच्याकडे पाह्यलं, तिनं माझ्याकडे पाह्यलं.

म्हणाली, "कुत्रं आलं असेल सोनी. रातचं येऊन गेलं असेल."

तुमाले माझं तोंड माहीत आहे. ते थांबत नाई, कधीच थांबलं नाई. मी म्हटलं, "कुत्रं सिरोंच्याच्या रस्त्याले आहे, माय."

बस. एवढंच बोलली मी. यापेक्षा मोठ्यानं मी तिले हजारदा बोलली असेन, पण एवढं वाईट कधी बोलली नाई. तिनं पदर तोंडावर घेतला. तवापासून ती पाणी पीत नाई. प्यालं नाई तं होणार नाई, असा तिचा हिशोब. दुपारी मी पाहते म्हणून एक घोट घेते, ओठ ओले करते अन् उरलेलं तुळशीत ओतते. ओठ फाटले आहेत. जीभ पांढरी झाली आहे. अन् झोपत नाई. भिंतीले टेकून बसून राहते, झोप लागली तं होईल म्हणून. एवढं करून पण होतेच.

आता मले सारं आठवून राह्यलं. कुत्रं येण्याच्या आधीपासून गादी कधीकधी ओली असे. ती म्हणे, तांब्या लवंडला. मी तांब्या बदलून दिला, लहान तोंडाचा. तुमचं कुत्रं आलं अन् त्याच घटकेले तिच्या लुगड्यावर मुतलं, तवा ती हसली होती ना, ते तुमच्या आठवणीनं नव्हतं भाऊजी. मले आता वाटते का तिले सोबती भेटला होता. कुशीत घेऊन निजाची तं थंडीसाठी नाई. देवाजी पोत्याचं बोलला तवा ती जेवली नाई, ते पण आता समजते.

अन् मी त्याले मारत होती. काई त्याचं होतं, काई मायचं. सकाळी गादी पाहून जे फडे मी त्याले घातले ते मायच्या नावचे होते, अन् ती पाहत होती. बोलू शकत नव्हती. मंग आपल्या ताटातला अर्धा भात त्याले द्याची. मी म्हणाची, माजवून ठेवता कुत्र्याले.

अन् मी काय केलं, तं त्याले शिकवलं. अठरा दिवस उभी राहून, तोंड दाबून, सुकट घालून शिकवलं. त्याच्या अंगावर काई ढकलता येणार नाई एवढं चांगलं शिकवलं. मंग देऊन पण टाकलं.

मी केलं ते सारं ऐका, नाई तं म्हणाल वयनीनं हात झटकले. नथ्थूले नाक्यावर पाठवलं, लच्छू निघून गेला होता. सिरोंचा कुठी अन् आमी कुठी. मी स्वतःहून मायले म्हटलं, माय, होते म्हाताऱ्या माणसाले, माझी आजी पण अशीच होती, मी धुते, तुमी पाणी प्या. चांगल्या शब्दानं म्हटलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "काय होते? मले काईच होत नाई." मंग मी गपचूप गादी उचलाले लागली, न पाहता, न बोलता. तं ती माझ्या आधी उठून स्वतः धुवाले जाते. परवा विहिरीपाशी पडली. गुडघा फुटला. मी धावली तं म्हणाली, तुळशीले पाणी घालत होती.

वैदूले आणलं होतं. त्यानं नाडी पाह्यली. म्हणाला, आतून कोरडी पडली आहे, पाणी पाजा, नाई तं होळी पाहत नाई. मी म्हटलं, कसं पाजू? तो म्हणाला, लेकाले बोलवा, लेकाच्या हातचं पिते माणूस. मी त्याले म्हटलं, दुसरं काई औषध सांगा.

तुमी येणार नाई हे मले माहीत आहे. दोन महिन्यांत मायले एक ओळ लिहिली नाई. अन् खरं सांगू काय, आता आले तरी उपयोग नाई. तुमच्यापुढे गादी ओली झाली तं ती त्याच दिवशी जाईल. तेराव्याले मायच्या अंथरुणापाशी आशेनं नाक धरलं होतं ते मायनं पाह्यलं होतं. तुमी म्हटलं शेत, वयनी, वाटणी. पण तुमी तिले काऊन नेत नाई ते मायले तवाच समजलं होतं. मी पण ते आताच समजून राह्यली.

म्हणून मले दुसरं पिल्लू पाह्यजे.

गावातलं चालत नाई, गावातले कुत्रे घरात पाय टाकत नाईत अन् मऊ जागेवर जात नाईत हे तिले पण माहीत आहे. तुमच्या जिनिंगमधलं पाह्यजे, कापसाच्या ढिगातलं. आंधळं-पांगळं असलं तरी चालते. शिकवलेलं नको. मी पण शिकवणार नाई. देव्हाऱ्यापुढे मुतो, चुलीत मुतो, मी शेणानं सारवत राहीन, गावापुढे गादी वाळू घालीन अन् मोठ्यानं शिव्या देईन, त्याले. मारणार नाई.

ती फसेल असं मले वाटत नाई. तिले आता माहीत आहे का मले माहीत आहे. सुकरीले इचारलं तं ती पण मान हालवते. पण दुसरं काई सुचत नाई, अन् काल दिवसभरात तिच्या पोटात अर्धी वाटी पाणी गेलं, ते पण पेजेतून, लपवून.

तुमी येऊ नका. माणूस पाठवा, टोपली पाठवा. नथ्थू अठरा तारखेले, सोमवारी, छोट्या गाडीवर वडशाले उभा राहील. पाठवता का नाई, ते पंधरा तारखेच्या, शुक्रवारच्या आत माझ्या हाती पडेल असं कळवा. हो तं हो, नाई तं नाई. साडेतीन ओळी नको, एक शब्द लिहा.

सोनीबाई